टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटारीतला कार्बन काढताना

बोटीच्या मागे बसवायची, दोन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवर चालणारी आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावे लागणारी ४० अश्वशक्तीची एक जुनी आउटबोर्ड मोटार माझ्याकडे आहे. तिच्यातला कार्बन काढण्याचे काम मी स्वतः केले, त्याची ही हकीकत आहे. मोटार बंद पडलेली नव्हती. थंड असताना ती फारसे आढेवेढे न घेता सुरू होत असे. मात्र गरम झाल्यावर मंद गतीला तिचा ठोका अडखळू लागला होता, खालच्या सिलिंडरचा प्लग दर वेळी ओला आणि काळा निघत होता आणि पूर्ण थ्रॉटल दिला तरी फेरे पूर्वीइतके चढत नव्हते. त्याच बोटीवर, त्याच पंख्याने ती मिनिटाला ५,२०० फेऱ्यांपर्यंत सहज जात असे; आता ४,७०० च्या आसपास येऊन ती थबकत होती. कार्ब्युरेटर उघडून साफ केले, टाकीत ताजे पेट्रोल भरले, प्लग नवे घातले, तरीही लक्षणे तीच राहिली, तेव्हा संशय कार्बनवर आला.

अशा टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलला स्वतंत्र जागा नसते. ते पेट्रोलबरोबर क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनमागच्या बंद कप्प्यात येते, बेअरिंगांना आणि सिलिंडरच्या भिंतीला वंगण देते आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळते. पण पूर्ण जळतेच असे नाही. वेगात चालणाऱ्या इंजिनात उष्णता पुरेशी असते आणि धुराचा झोतही जोराचा असतो, त्यामुळे बरेचसे अवशेष एक्झॉस्टवाटे निघून जातात. मंद गतीला मात्र आधीचा धूर सिलिंडरमधून नीट बाहेर पडत नाही, नवे मिश्रण त्यात मिसळून बिघडते, अधूनमधून ठिणगी पडूनही ते पेटत नाही आणि ऑइलमधले जड घटक चिकट थर होऊन धातूवर बसतात. हाच थर पुढे भाजून कडक होतो. गळ सोडून तासन् तास संथ गतीने बोट चालवणाऱ्यांच्या मोटारींत कार्बन लवकर साठतो, तो यामुळेच. माझी मोटारही बहुतांश वेळ अशीच चाललेली होती.

कार्बन प्रामुख्याने चार ठिकाणी बसतो : पिस्टनच्या माथ्यावर, हेडच्या म्हणजे सिलिंडरच्या झाकणाच्या आतल्या खोलगट भागात, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट पोर्टच्या कडांवर आणि पिस्टनच्या रिंगा ज्या खाचांत बसतात त्या खाचांत. पहिल्या दोन ठिकाणचा थर ज्वलनाची जागा कमी करून दाब वाढवतो, शिवाय त्याचा एखादा टोकदार कण लालबुंद होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतो. तिसऱ्या ठिकाणच्या थरामुळे धुराची वाट अरुंद होते आणि ताकद कमी होते. चौथे ठिकाण मात्र सर्वांत घातक आहे. रिंग आपल्या ताणाने आणि तिच्या मागे शिरणाऱ्या वायूच्या दाबाने सिलिंडरच्या भिंतीला टेकून राहते. खाच कार्बनने भरली की ती आत अडकते, जळते वायू तिच्या बाजूने खाली निसटतात, भिंतीवरचा ऑइलचा पापुद्रा जाळतात आणि पिस्टन भिंतीला घासू लागतो. एवढे झाल्यावर इंजिन सीझ होण्याची, म्हणजे पिस्टन अडकून ते बंद पडण्याची, नुसती वाट पाहायची उरते.

या कामाकडे मी ज्या दृष्टीने पाहिले, ती इथेच सांगून ठेवतो. कार्बन मऊ करणारी रसायने सहज मिळतात आणि ती आपले कामही करतात. पण सुटलेला कार्बन इंजिनाबाहेर कोणत्या वाटेने जाणार, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ती वाट एकच असते, एक्झॉस्ट पोर्टची, आणि तिच्या तोंडावरून पिस्टनच्या रिंगा मिनिटाला हजारो वेळा जात असतात. मऊ झालेला कार्बन काळ्या चिखलासारखा निघून जातो. कडक कपची सुटली आणि ती रिंग व पोर्टची कड यांच्यामध्ये सापडली, तर रिंग मोडते किंवा भिंतीवर ओरखडा उठतो. म्हणून घाईने घासणे किंवा घाईने इंजिन पळवणे या दोन्ही गोष्टी मी टाळायचे ठरवले.

रसायनाला हात लावण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजले, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतर फरक पडला की नाही हे केवळ मनाच्या समाधानावर ठरते. इंजिन गरम केले, दोन्ही प्लग काढले, प्लगच्या वायरी ब्लॉकला नीट टेकवून अर्थ केल्या आणि बंद करण्याच्या स्विचची दोरीही काढून ठेवली. वायरी मोकळ्या सोडून इंजिन फिरवले तर इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक पेटीला इजा होऊ शकते. शिवाय प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना जवळपास ठिणगी नको, हे उघड आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, गेजचा काटा वर जायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. वरच्या सिलिंडरचा आकडा १२० पीएसआय (दाबाचे एकक) आला आणि खालच्याचा ९५. दोन सिलिंडरांमधला फरक साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा असे मानतात. येथे तो वीस टक्क्यांच्या वर होता. एकट्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण दोन गेज क्वचितच सारखा आकडा दाखवतात. त्याच गेजने, त्याच पद्धतीने मोजलेल्या दोन सिलिंडरांची तुलना मात्र खोटे बोलत नाही.

मग मोबाइलला जोडता येणारा बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला. वरच्या पिस्टनचा माथा तपकिरी-काळा होता आणि त्यावर धातूचे काही ठिपके उघडे दिसत होते. खालच्या पिस्टनवर मात्र एकसलग काळा थर होता : मध्यभागी ओलसर आणि चकचकीत, कडेला कोरडा आणि तडे गेलेला. पिस्टन खाली नेल्यावर एक्झॉस्ट पोर्टची कड दिसली. मूळची सरळ, स्वच्छ कड आता दातेरी झाली होती आणि वरच्या बाजूने कार्बनचा एक ओठ आत झुकला होता. सिलिंडरच्या भिंतीवर खोल चरे नव्हते, ही समाधानाची बाब होती. चरे असते तर कार्बन काढण्यात वेळ घालवण्याऐवजी ब्लॉक उतरवण्याचीच तयारी करावी लागली असती.

इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक म्हणजे फ्लायव्हील हाताने फिरवताना ते नेहमी इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवावे. पाणी ओढणाऱ्या पंपाच्या रबरी इम्पेलरची पाती एका बाजूला वळलेली असतात आणि उलट फिरवल्यास ती दुमडतात किंवा मोडतात. दिवसभर पिस्टन वर-खाली करत बसणाऱ्याच्या हातून हे सहज निसटते, म्हणून मी फ्लायव्हीलवर खडूने बाण काढून ठेवला होता.

पहिला टप्पा फवाऱ्याचा होता. आउटबोर्डसाठी मिळणारा इंजिन ट्यूनर किंवा ज्वलनकक्ष साफ करणारा फवारा चालत्या, गरम इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये मारायचा असतो. त्यासाठी पंखा काढून मोटार पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात उभी केली. गिअरकेसच्या, म्हणजे मोटारीच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाच्या, जाळ्यांवर रबरी फ्लशर लावून नळाच्या पाण्यावरही हे करता येते. पण पिंपाचा मोठा फायदा असा की, एक्झॉस्टमधून बाहेर पडणारी सारी काळी घाण त्यातच राहते. ती नदीत, खाडीत किंवा जमिनीवर सोडण्याजोगी अजिबात नसते. पाण्याची पातळी गिअरकेसच्या वरच्या आडव्या पत्र्याच्या वर असावी, गिअर न्यूट्रलमध्ये असावा आणि जागा सर्व बाजूंनी उघडी असावी, कारण या कामात जो धूर होतो त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो. पाण्याशिवाय मोटार क्षणभरही चालवू नये. कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळू शकतो.

इंजिन सुरू करून मी ते तापण्याची वाट पाहत राहिलो, आणि येथे एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. फवाऱ्याचे रसायन गरम धातूवर चांगले काम करते, म्हणून हेडचे तापमान दुरून मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहत होतो. ते ३८ अंश सेल्सिअसपर्यंत गेले आणि तेथेच थांबले. हेडवर हात टेकवून निवांत ठेवता येत होता. आउटबोर्डचे थर्मोस्टॅट साधारणपणे ५० ते ६२ अंशांच्या दरम्यान उघडण्यासाठी बनवलेले असतात. तोपर्यंत ते पाणी अडवून इंजिनाला गरम होऊ देतात. ३८ अंशांवर खिळून राहिलेले हेड म्हणजे थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे, याखेरीज दुसरा अर्थ लागत नव्हता. इंजिन जास्त तापले की सारे धावतात, कारण भोंगा वाजतो. इंजिन थंड राहिले की काहीच वाजत नाही; ऑइल मात्र अर्धवट जळत राहते आणि खाचा भरत जातात.

फवारा बाजूला ठेवला आणि आधी थर्मोस्टॅट काढला. हेडच्या वरच्या टोकाला, लहान झाकणाखाली तो बसलेला होता. झाकण उचलताच मिठाचा पांढरा थर दिसला आणि त्या थराचा एक खडा झडपेच्या बरोबर काठावर अडकून तिला उघडी धरून बसला होता. खडा काढून थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात दोऱ्याला टांगला, शेजारी थर्मामीटर सोडले आणि पाणी हळूहळू तापवले. झडप उघडत होती खरी, पण अर्धीच, आणि पाणी थंड झाल्यावर ती पूर्ण मिटत नव्हती. अशा वेळी साफसफाईवर भागवण्यात अर्थ नसतो. नवा थर्मोस्टॅट आणि नवे गॅस्केट बसवले. त्यानंतर पिंपात स्वच्छ पाणी घेऊन इंजिन चालवले, तेव्हा हेड ५७ अंशांवर स्थिरावले. एवढ्याने साठलेला कार्बन जाणार नव्हता. पण काढल्यावर तो त्याच वेगाने पुन्हा साठणार नाही, याची सोय झाली.

आता फवारा. कार्ब्युरेटरसमोरचे सायलेन्सरचे झाकण काढले, मंद गतीपेक्षा थोडे अधिक म्हणजे मिनिटाला १,२०० च्या आसपास फेरे ठेवले आणि दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडांत आळीपाळीने फवारा मारत गेलो. इंजिन गुदमरू लागले की थांबायचे, थ्रॉटलने त्याला सावरायचे आणि पुन्हा मारायचे. एक्झॉस्टमधून दाट, पांढुरका धूर निघू लागला आणि पिंपातल्या पाण्यावर काळे, तेलकट कण तरंगू लागले. शेवटी दोन्ही तोंडांत भरपूर फवारा मारून इंजिन गुदमरून आपोआप बंद पडू दिले. असे केल्याने रसायन जळून न जाता सिलिंडरमध्ये, रिंगांभोवती आणि पोर्टच्या कडांवर ओले राहते. डब्यावर भिजत ठेवण्याची जी वेळ लिहिलेली असते ती किमान समजावी; मी इंजिन रात्रभर तसेच ठेवले.

फवाऱ्याऐवजी कार्ब्युरेटरमधून पाण्याची बारीक धार सोडून वाफेने कार्बन उडवण्याची एक जुनी युक्ती सांगितली जाते. मोटारगाडीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ते पाणी थेट सिलिंडरमध्ये जाते. टू-स्ट्रोकमध्ये मात्र ते आधी क्रँककेसमध्ये शिरते, जेथे क्रँकशाफ्टची आणि कनेक्टिंग रॉडची रोलर बेअरिंगे केवळ ऑइलच्या पातळ थरावर जगत असतात. तेथे पाणी नेण्याची कल्पना मला पटत नाही. फवाऱ्याचे रसायनही बेअरिंगांवरचे ऑइल धुऊन नेते, म्हणून त्याचा मारा गरजेपुरताच ठेवावा आणि फवारल्यानंतर मोटार आठवडाभर तशीच पडू देऊ नये, हेही त्याच कारणाने.

दुसऱ्या दिवशी इंजिन लगेच सुरू न करता खालच्या सिलिंडरसाठी आणखी एक उपाय केला. आउटबोर्डचे सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे प्लगच्या भोकातून ओतलेले द्रव सिलिंडरच्या तळाच्या बाजूलाच साचते आणि रिंगेच्या वरच्या अर्ध्या घेराला त्याचा स्पर्शही होत नाही. मोटार टिल्ट केली की तिचा वरचा भाग बोटीकडे झुकतो, हेडची बाजू आकाशाकडे वळते आणि सिलिंडर बरेचसे उभे होतात. मात्र टिल्ट करण्यापूर्वी मोटार सरळ उभी ठेवून एक्झॉस्टच्या पोकळीतले पाणी पूर्ण निथळू द्यावे लागते, नाहीतर ते पाणी उलटे वाहत एक्झॉस्ट पोर्टपर्यंत पोहोचू शकते. पाणी निथळल्यावर मोटार टिल्ट केली, खालचा पिस्टन जवळजवळ वरच्या टोकाला आणला म्हणजे पोर्ट त्याच्याआड झाकले गेले, आणि प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारे द्रव थोडे थोडे ओतले. कॅमेऱ्यातून पाहिले तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर द्रवाचे तळे झाले होते आणि कडेच्या फटीतून बारीक बुडबुडे वर येत होते. द्रव रिंगांकडे उतरत होते. पातळी कमी झाली की पुन्हा ओतायचे आणि मधूनमधून फ्लायव्हील बोटभर पुढे सरकवायचे, असे दिवसभर चालले होते.

असे भिजवलेले इंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वीची एक दक्षता अत्यंत महत्त्वाची आहे. द्रव दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिल्लक असताना प्लग लावून इंजिन फिरवले, तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून मोटार सरळ केली, प्लगच्या भोकांसमोर जाड फडके धरले, वायरी अर्थ केल्या आणि दोरी हळूहळू ओढून सारे द्रव बाहेर काढले. फडक्यावर जे आले ते डांबरासारखे काळे होते आणि बोटांत चोळल्यावर त्यात बारीक वाळूसारखी कचकच लागत होती. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये टू-स्ट्रोक ऑइलचे काही थेंब सोडले, जुनेच प्लग लावले आणि इंजिन सुरू केले. जुने प्लग मुद्दाम लावले, कारण पहिल्या काही मिनिटांत ते काळे होणारच असतात. नवे प्लग या घाणीत वाया घालवण्याचे कारण नव्हते.

पिंपात मोटार कितीही वेळ चालवली तरी तिच्यावर भार येत नाही, आणि भाराशिवाय जास्त फेऱ्यांवर ती पळवणे धोक्याचे असते. सुटलेला कार्बन बाहेर पडायला भार आणि उष्णता दोन्ही लागतात. म्हणून पंखा लावून बोट पाण्यात नेली, आधी अर्ध्या थ्रॉटलवर बराच वेळ चालवली आणि धूर निवळल्यावरच थ्रॉटल वाढवत गेलो. त्या दिवसासाठी मिश्रणात ऑइल किंचित जास्त घेतले होते, कारण भिंतीवरचे ऑइल धुऊन गेलेले होते. फेरे ५,००० पर्यंत चढले. किनाऱ्यावर येऊन कॉम्प्रेशन मोजले, तेव्हा वरच्या सिलिंडरचा आकडा १२२ आणि खालच्याचा १०६ आला.

फरक आता मान्य मर्यादेच्या आत होता आणि अनेक जण येथे थांबले असते. मला थांबावेसे वाटले नाही, कारण कॅमेऱ्यात पोर्टचा तो ओठ बराचसा तसाच दिसत होता, आणि अर्धवट भिजलेला, कडांनी सैल झालेला कार्बन हा पूर्ण घट्ट बसलेल्या कार्बनपेक्षा अधिक भीतिदायक असतो. तो कधी आणि किती मोठा तुकडा होऊन सुटेल, हे सांगता येत नाही. हेड आणि एक्झॉस्टचे बाजूचे झाकण उघडायचे ठरवले.

या कामात कार्बनपेक्षा बोल्टांनीच जास्त वेळ खाल्ला. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये पोलादी बोल्ट आणि त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे खारे पाणी, एवढे पुरते. दोन धातूंच्या मध्ये पांढरी भुकटी साठते आणि बोल्ट जणू ओतल्यासारखा घट्ट होतो. एक्झॉस्टच्या झाकणाचे बोल्ट बारीक असतात आणि पान्याच्या एका अविचारी झटक्याने डोके हातात येते. प्रत्येक बोल्टच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडले, डोक्यावर हलक्या हातोडीने ठोके दिले, मग हॉट एअर गनने भोवतालचे अॅल्युमिनियम तापवले. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे भोक किंचित सैल होते. पेट्रोलची टाकी आणि नळी आधीच दूर नेलेली होती आणि ज्योत कोठेही वापरली नाही. बोल्ट पाव फेरा सुटला की तो पुन्हा थोडा आवळायचा, परत सोडवायचा. करकर असा कोरडा आवाज आला की थांबून तेल द्यायचे. काही बोल्ट मिनिटभरात निघाले, तर एकाने संध्याकाळपर्यंत दाद दिली नाही आणि नंतर कसलाही आवाज न करता निघाला.

झाकण निघाल्यावर एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टनची बाजू आणि रिंगा समोर दिसू लागल्या. येथे रिंगेची खरी परीक्षा करता येते. पिस्टन सरकवून रिंग पोर्टच्या उघड्या भागात आणायची आणि बोथट केलेल्या लाकडी काडीने ती हलकेच आत दाबायची. मोकळी रिंग आत जाते आणि काडी सैल करताच उसळून बाहेर येते. वरच्या सिलिंडरच्या दोन्ही रिंगा अशाच उसळल्या. खालच्या सिलिंडरची खालची रिंग मोकळी होती; वरची मात्र दाबली की तेथेच राहत होती आणि मग आळसावून अर्धवट बाहेर येत होती. द्रवाचा थेंब काडीच्या टोकाने तिच्या खाचेवर सोडायचा, काही वेळ थांबायचे, दाबायचे, पुसायचे, हे अनेकदा केल्यावर खाचेतून तपकिरी पाणी निघणे थांबले आणि रिंग नीट उसळू लागली. टू-स्ट्रोकमध्ये रिंगेची टोके पोर्टमध्ये अडकू नयेत म्हणून खाचेत एक बारीक पिन असते आणि त्यामुळे रिंग पिस्टनभोवती फिरत नाही. ती फिरवून मोकळी करण्याच्या खटपटीला म्हणून पडू नये. दाबणे आणि भिजवणे एवढेच आपल्या हातात असते.

पोर्टच्या कडा आणि पिस्टनचा माथा खरवडण्यासाठी टणक लाकडाची आणि कडक प्लॅस्टिकची पट्टी वापरली. पोलादी पट्टीने काम पाचपट लवकर होते, परंतु अॅल्युमिनियमवर उठलेला प्रत्येक ओरखडा नव्या कार्बनला पकड देतो. खरवडण्यापूर्वी पिस्टन वरच्या टोकाला आणून त्याच्या आणि सिलिंडरच्या भिंतीमधल्या फटीत बोटाने ग्रीस भरले. निघालेल्या कपच्या त्या ग्रीसला चिकटल्या, फटीतून रिंगांकडे उतरल्या नाहीत. माथा साफ झाल्यावर ग्रीस पुसून घेतले, पिस्टन थोडा खाली नेला आणि भिंतीवर उरलेले ग्रीसचे काळे कडे कापडाने उचलले. पोर्ट साफ करताना पिस्टन अशा जागी ठेवला की पोर्ट त्याच्या बाजूने बंद राहील आणि कचरा बाहेरच्याच दिशेने पडेल. पोर्टवरचा तो ओठ दोन मोठ्या तुकड्यांत निघाला. बोटाच्या नखाएवढा, जवळजवळ २ मिलिमीटर जाडीचा एक तुकडा मी फोडून पाहिला : आत झाडाच्या खोडासारखे थर होते, काही मऊ, काही काचेसारखे कडक. तो चालत्या इंजिनात सुटला असता, तर रिंग वाचली नसती.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गॅस्केटे सगळी नवी घातली, हेडचा पृष्ठभाग सपाट काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून तपासला, बोल्टांच्या आट्यांना खाऱ्या पाण्यासाठीचे ग्रीस लावले आणि टॉर्क पान्याने मधल्या बोल्टांपासून बाहेरच्या बोल्टांकडे, मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळत नेले. टॉर्कचा आकडा प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो, तो अंदाजाने ठरवू नये.

पाण्यात चालवून आल्यावर पुन्हा कॉम्प्रेशन घेतले. वरचा सिलिंडर ११८ आणि खालचा ११५. वरच्याचा आकडा १२२ वरून खाली आला, हे पाहून प्रथम कोणीही चमकेल. पण त्याच्या हेडमधला आणि माथ्यावरचा कार्बन जी जागा व्यापत होता ती मोकळी झाल्यावर दाब थोडा उतरणे स्वाभाविक आहे. १२२ मध्ये काही वाटा घाणीचाच होता. खालच्या सिलिंडरमध्ये हाच परिणाम झाला असणार, पण मोकळ्या झालेल्या रिंगेने त्याहून जास्त भर घातली. फेरे आता पुन्हा ५,२०० ला पोहोचतात आणि गरम इंजिनाचा मंद ठोका सलग चालतो. नव्या प्लगांवर काही तास चालवल्यानंतर वरचा फिकट तपकिरी निघाला; खालचा किंचित गडद आहे, मात्र कोरडा आहे.

पुढच्या देखभालीत मी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे ऑइल. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू३ प्रमाणपत्राचे ऑइल असते. हे प्रमाणपत्र अमेरिकेतली नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन देते. या ऑइलमध्ये राख सोडणारी धातुयुक्त द्रव्ये नसतात. हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक दुचाकींचे ऑइल जास्त उष्णतेसाठी बनवलेले असते, आउटबोर्डच्या तुलनेने थंड सिलिंडरमध्ये त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. मी टीसी-डब्ल्यू३ च वापरत होतो, परंतु प्रमाण डोळ्यांच्या अंदाजाने घेत होतो. आता मापाचे भांडे ठेवले आहे. माझ्या मोटारीला ५०:१ हे प्रमाण आहे, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. ऑइल जरा जास्त गेलेले बरे, असा एक समज असतो. जास्तीचे ऑइल जळायला जास्तीची उष्णता मिळत नाही, शिवाय कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) जाणारे पेट्रोल तेवढे कमी होते. दुसरी गोष्ट म्हणजे पेट्रोलमध्ये पॉलिइथरअमाइन असलेले क्लीनर सांगितलेल्या मात्रेत नियमित घालणे. असे क्लीनर जुना कडक थर एकदम उखडत नाही, नवा थर घट्ट होण्याआधी विरघळवत राहते, आणि सुटलेल्या कपच्यांची भीती पाहता मला तेच हवे आहे. संथ गतीने बराच वेळ चालवल्यावर परतीच्या वाटेवर काही मिनिटे मोटार जोरात चालवतो, म्हणजे चिकट थर भाजून बसण्याआधी निघून जातो.

पिंपातले पाणी दोन दिवस स्थिर ठेवले. तेलाचा थर वर आला, काळा गाळ तळाशी बसला. वरचे तेल शोषून घेणाऱ्या पॅडने उचलले, गाळ वेगळ्या डब्यात काढला आणि हे सारे, वापरलेल्या फडक्यांसह, टाकाऊ ऑइल घेणाऱ्या केंद्रावर दिले.